रोमन आकड्यांची उजळणी

"चाळीस," धाकटी म्हणाली.

आईने चहाचा कप बाजूला सारला आणि टेबलावर बोटाने रेघा ओढल्या. "दहाचा X. म्हणजे X, X, X, X."

धाकटीने कसाबसा राग गिळला. "आई, एकच अक्षर लागोपाठ चारदा येत नाही. पन्नासातून दहा वजा करायचे. L च्या आधी X. XL."

"हो की. XL." आई ओशाळं हसली.

हीच आई जन्मभर शाळेत गणित शिकवत होती. धाकटीला रोमन आकडे तिनेच शिकवले, तेही पोळ्या लाटता लाटता, पिठात बोट फिरवून. पुढे धाकटीने त्याच आकड्यांवर पोट भरलं. ती दगडावर अक्षरं कोरायची. कोनशिला, पुतळ्यांचे चौथरे, थडगी. गिऱ्हाइकाने १९४८ म्हटलं की तिच्या तोंडून MCMXLVIII यायचं आणि तोवर हातात छिन्नी असायची.

सध्या ती रजेवर होती. मालक आपणहून म्हणाले होते, "ताई, काही दिवस घरी थांबा, आईबरोबर. काम कुठे पळून जातंय?" एरवी हा माणूस अर्ध्या दिवसाच्या रजेलाही कुरकुर करायचा. निघताना तिला दिसलं, तिने नुकताच कोरून संपवलेला दगड तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. गिऱ्हाइकाचं मन बदललं असणार. लोकांना साल कोरून झाल्यावर अक्कल सुचते.

"पुढे," आई म्हणाली. "विचार ना."

"आधी एक ऐक. काल दूध करपलं ते डॉक्टरांना सांगायचं नाही."

मोरीत कालचं पातेलं अजून भिजत पडलं होतं. आईने तिकडे पाहिलं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मी बघायला हवं होतं."

धाकटीने धास्ती घेतली होती ती दादाच्या फोनमुळे. परवा तो गॅलरीत उभा राहून वहिनीशी बोलत होता आणि धाकटी दाराआड होती. "या वेळी आणखी घसरण निघाली, तर तिला घरी ठेवणं अवघड आहे," दादा म्हणाला. "ती संस्था चांगली आहे म्हणतात. बागही आहे." आईला तिथे पाठवायचं, ते काय बाग बघायला? तेव्हापासून धाकटीने उजळणी लावली होती, सकाळ आणि संध्याकाळ. डोकं चालतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते चालतं ठेवायला तिच्याकडे हे आकडेच होते.

मागच्या तपासणीत आईने काय उत्तरं दिली, हे मात्र तिला काही केल्या आठवेना. ती बहुधा बाहेर बसली असावी.

खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ दादाच वर आला. धाकटी चपला शोधत होती. कुणीतरी त्या कपड्यांच्या कपाटात ठेवल्या होत्या.

"रात्री उठली होती का?" दादाने हळू आवाजात विचारलं.

"उठली होती," धाकटी आतून म्हणाली. "सारखी दार चाचपत होती. मीच समजूत घालून निजवलं."

आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला, उशीर होईल."

रस्ता ओलांडताना आईने धाकटीचं कोपर घट्ट धरलं, इतकं की दुखलं. धाकटीने दुखू दिलं. म्हाताऱ्या माणसाला आधार लागतोच. दादा गाडी लावायला गेला आणि त्या दोघी दवाखान्याच्या बाकावर टेकल्या. समोर एक गृहस्थ एकच मासिक उलटसुलट चाळत होते.

"शेवटचं," ती आईच्या कानाशी लागून म्हणाली. "हे नीट सांग. नव्वद."

आईने धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "L. मग X, X, X, X."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "बरोबर. बघ, येतं की तुला."

आईने मान खिडकीकडे वळवली. चष्मा काढला, पदराने पुसला आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला तिने फार वेळ घेतला.

"बरी आहेस ना?" धाकटीने विचारलं.

"कचरा गेला डोळ्यात."

नर्सने दार उघडून त्यांना आत घेतलं. डॉक्टरांच्या टेबलापाशी एक खुर्ची होती आणि दुसरी मागे, भिंतीलगत. धाकटीने टेबलाजवळची खुर्ची आईसाठी ओढली. आई तिच्यावर बसली नाही. ती सरळ भिंतीकडे गेली आणि तिथल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली.

घाबरली, धाकटीला वाटलं. तिने आवाज होईल तितका मऊ केला. "आई, असं काय करतेस? ये ना इकडे. डॉक्टर दोन-चार साध्या गोष्टी विचारतील, बस. मी आहे ना इथे."

आई जागची हलली नाही. तिने नुसतं डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि ओढलेल्या खुर्चीकडे हात केला.

"बसा, ताई," ते म्हणाले. "दर वेळी तुम्हीच बसता तिथे."