एकविसावं पान

निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला दोन वर्षं झाली होती. उस्मानपुऱ्यात बद्रीनाथशास्त्री एका देवीच्या क्षेत्राचं संस्कृत माहात्म्य जुन्या पोथीवरून उतरवून घेत होते. पोथी होती तिथल्या पुजाऱ्याच्या विधवेची, दगडाबाईची. पुजारी पूजा आटोपून वाचायला बसत, त्यामुळं हाताचं कुंकू लागून पानापानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. एकविसाव्या पानापुढचे कोपरे मात्र कोरे होते.

“तिथवर वाचलं, अन् दारातून हाक आली, ‘महाराज, जरा बाहेर या,’” दगडाबाईनं सांगितलं होतं. “मालक गेले ते गेलेच. हाक कुणाची होती, आजवर कळलं नाय.”

शास्त्रीबुवा विधुर होते. घरात कुंकवाची डबीसुद्धा उरली नव्हती. तरी त्यांनी उतरवलेल्या नव्या पानांवर ठसे उमटू लागले. रोज एक पान, रोज एक ठसा.

विसावं पान उतरवून झाल्यावर त्यांनी बोरू खाली ठेवला आणि दगडाबाईला बोलावून घेतलं. “पोथी घेऊन जा, बाई. पुढचं माझ्यानं होणार नाही.”

भर दुपार होती. दगडाबाई पोथी फडक्यात बांधू लागली. शास्त्रीबुवांनी उरलेले कोरे कागद उचलले. वरच्याच कागदाच्या कोपऱ्यात ठसा होता, अजून ओला.

“महाराज, जरा बाहेर या,” दारातून हाक आली.

शास्त्रीबुवा सवयीनं उठले. दगडाबाईनं त्यांच्या उपरण्याचं टोक घट्ट धरलं.

“जाऊ नका,” ती कुजबुजली. “ह्यो आवाज आमच्या मालकाचा हाय.”