दोन बोटांचे अंतर

“तिसरी मागणी वाचा,” कोंडीबा वस्ताद म्हणाले, आणि नानासोंच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातला गलका थांबला.

कंपनीचा माणूस वरद लाकडी बाकावर अवघडून बसला होता. कुस्तीचे हे यंत्र कुपवाडला त्याच्याच कारखान्यात जुळवलेले. ते सांगलीत बसवून दोन वर्षे झाली होती, आणि इतक्या निष्ठेने ते खेळणारी माणसे त्याला आणखी कुठे आढळली नव्हती. नव्या खेळात काय बदलावे, हे विचारायला तो म्हणूनच जातीने आला होता. समोर तालमीतले आठ-दहा पठ्ठे उभे होते. कान मोडलेले, मानेवर अजून तांबडी माती.

पहिल्या दोन मागण्या एकमताने मंजूर झाल्या होत्या. आखाड्याभोवतीचे दोर काढावेत. “आत म्हशी बांधायच्यात व्हय?” असे जोतीराम पैलवानाने विचारले होते, आणि वरदने तेही वहीत उतरवले होते. विजेत्याला पट्ट्याऐवजी गदा द्यावी. पट्टा हा विजार सुटू नये म्हणून असतो, याबद्दल तालमीत दुमत नव्हते.

तिसरी मागणी हंबीररावांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणली होती. वरदने ती वाचली. “पाठ मातीला लागताच कुस्ती संपावी. एक, दोन, तीन मोजणे बंद करावे.”

हंबीरराव दाराशी उभे राहून कोंडीबांचा चेहरा न्याहाळत होते.

बासष्ट साली वाईच्या जत्रेत त्यांनी या माणसाला कलाजंग डावावर पाडले होते. पंचाने त्यांचा हात उंचावला, हलगी वाजली, फेटा त्यांच्या डोक्यावर चढला. कोंडीबांनी मात्र तो निकाल कधी मानला नाही. पाठ लागलीच नव्हती. खांदा आणि माती यांच्यामध्ये दोन बोटांचे अंतर होते. ते अंतर त्यांनी पस्तीस वर्षे निगुतीने सांभाळले. लग्नाच्या पंगतीत सांगितले, दहाव्याला घाटावर सांगितले, सोयरीक ठरवायला आलेल्या विहिणीलाही सांगितले. पंच वारला. पाहणारे पांगले. कृष्णेला कितीतरी पूर येऊन ओसरले. ती दोन बोटे काही आटली नाहीत.

पुढे हंबीरराव नोकरीसाठी सांगलीला आले, स्थिरावले, आणि रोजचा चहा दोघे एकाच किटलीतून घेऊ लागले. फेटा केव्हाच विरून गेला होता. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. पाठ लागली होती, एवढे कोंडीबाच्या तोंडून ऐकायचे. त्यासाठी ही तिसरी मागणी होती. या विषयावर कोंडीबा चारचौघांत बोलू लागला, की कुठेतरी त्याचा पाय निसटेल, असा त्यांचा हिशेब होता.

“खोडा ती,” कोंडीबा म्हणाले.

“आवं वस्ताद,” जोतीराम चकित झाला, “तुमीच आमाला शिकवलंसा न्हवं? पाठ टेकली, की कारभार आटोपला.”

“ते तालमीत. हितं न्हाई.”

“हितं का न्हाई?” हंबीररावांनी अगदी मऊ आवाजात विचारले. “का हितंबी मधी दोन बोटं हाईत?”

दुकान हसले. नानासोंनीही तोंडावर हात धरला. कोंडीबा हसले नाहीत. त्यांचा हात यंत्राच्या दांड्यावर होता. रोज दुपारी तो तिथेच असे. पडद्यावरचा त्यांचा निळ्या चड्डीतला मल्ल रोज आडवा होई. यंत्र मोजू लागे. एक. दोन. आणि तीन म्हणायच्या आत कोंडीबा दांडा असा हिसडत, की तो ताडकन उभा राही. जिंकण्यापेक्षा वस्तादांना ते उठणेच गोड लागते, असे पठ्ठे आपसात म्हणत.

“माणूस पडतो, हंबीर,” पडद्याकडेच पाहत कोंडीबा म्हणाले. “त्याची पाठबी लागती. पर लगीच दुसऱ्याचा हात वर करायची लय घाई असती तुमाला. जरा मोजावं की. तीनच आकडं. वाईला त्या पंचानं तीन आकडं मोजलं असतं, तर उठलो असतो मी.”

यंत्र एकटेच आपली तीच ती धून वाजवत राहिले.

“म्हंजी वस्ताद,” जोतीरामच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला, “त्या दिशी तुमची पाठ…”

हंबीररावांनी त्याचे मनगट असे पकडले, की पुढचा शब्द त्याच्या घशातच राहिला.

हे वाक्य कानांवर पडेल तेव्हा पुन्हा हलगी वाजेल, असे त्यांना पस्तीस वर्षे वाटत आले होते. हलगी वाजली नाही. दिसला तो मातीत उताणा पडलेला, आभाळाकडे बघणारा एक तरणा पोरगा. तो अजून तिथेच होता. त्याला उठायला कुणी वेळच दिला नव्हता.

हंबीरराव बाकापाशी आले. वरदच्या हातातले पेन त्यांनी घेतले, आपली मागणी आपणच खोडली, खाली एक ओळ लिहिली आणि वही परत दिली.

वरदने ओळ वाचली आणि गोंधळून वर पाहिले. “तीनऐवजी दहा मोजायचे?”

“व्हय. आन् मशीनला सांगा, सावकाश मोज म्हणावं,” हंबीरराव म्हणाले. “गुडघं धरत्यात त्याचं.”