स्पेअरचा डबा

बरेला गाव मागे पडलं आणि गाडी खोकायला लागली. सूर्यकांतनी ॲक्सिलेटर वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, पण रस्त्याकडेच्या एका पळसापाशी तिनं मान टाकली ती टाकलीच.

"कंडेन्सर," ते मागे बसलेल्या बायकोला, नंदाला म्हणाले. "दहा मिनटांचं काम आहे. तू सावलीत बस."

आवाजात काळजी नव्हती, उलट थोडी ऐट होती. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ही सदुसष्ट सालची मोटरसायकल चाळीस वर्षं ते रस्त्यावरच दुरुस्त करत आले होते. कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढं पत्र्याचं नळकांडं. तापलं की ते दगा देतं आणि प्लगची ठिणगी मरते. उन्हाळ्यात हे ठरलेलंच, म्हणून स्पेअरच्या डब्यात कायम दोन नवे असत.

मागून वेदांगची कार येऊन थांबली. मुलगा उतरला, पण जवळ आला नाही. अटच तशी होती. गाडी कोणाच्याही मदतीशिवाय मंडल्याला जाऊन परत आली, तर ती विकायचा विषय कायमचा बंद. टेम्पोत चढवायची वेळ आली, तर ती इंदूरच्या गिऱ्हाइकाची.

गेल्या वर्षी तिलवाऱ्याच्या पुलाजवळ सूर्यकांत गाडीवरून पडले होते. खांद्यात स्टीलची पट्टी बसली. तेव्हापासून वेदांग पुण्याहून दर फोनवर एकच टेप वाजवायचा. बापलेकांचं बोलणं तुटायची वेळ आली, तेव्हा नंदानंच ही अट सुचवली. "आणि मी यांच्या मागं बसून जाईन," असंही ती म्हणाली. घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे, याचं सूर्यकांतना फार बरं वाटलं होतं.

त्यांनी डबा उघडला. प्लग, क्लचची केबल, चेनच्या कड्या, पंक्चरची ठिगळं, सगळं जागच्या जागी. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस, शिस्त कडक. नवा पार्ट आधी गाडीवर लावून चालवून बघायचा, मगच डब्यात ठेवायचा. मेलेला पार्ट फेकायचा नाही. गोरखपूर मोहल्ल्यातल्या लेथवाल्याला कधी नमुना दाखवावा लागला तर असावा, म्हणून त्याला लाल दोरा बांधायचा आणि घरच्या जुन्या पेटीत टाकायचा. सूर्यकांतच्या जाड बोटांना ती बारीक गाठ जमत नसे, तेवढी नंदा मारून द्यायची.

त्यांनी नवा कंडेन्सर बसवला. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली, नाहीच. मग दुसरा बसवला. तोही तसाच. दोन्ही त्यांनी आठ दिवसांपूर्वी स्वतः चालवून पाहिले होते.

त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही नळकांडी उन्हात धरली. वरवर पुसलेली होती, पण जुन्या तेलाचा थर गेला नव्हता. आणि त्या थरात मधोमध, दोऱ्याच्या जाडीची एक स्वच्छ रेघ होती.

कोणीतरी दोरे काढून मेलेले कंडेन्सर डब्यात ठेवले होते.

"वेदांग, काल हा डबा गाडीला कोणी बांधला?"

"मी बांधला. काहून, बाबा?"

"काहून विचारून राहिला तू?" सूर्यकांत ओरडले. "शर्त जिंकायची होती तर सरळ जिंकायची होती. बापाला असं फसवून?"

वेदांगनं त्यांच्या तळहातावरची नळकांडी पाहिली. मग पळसाखाली बसलेल्या आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हां," तो खाली बघत म्हणाला. "मैंने ही बदले. तुम्ही परत पडले असते, बाबा."

"अहो, जाऊ द्या ना," नंदा उठून मध्ये आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लेकरू आहे आपलं."

"म्हणून तर लागलं ना जिव्हारी! परक्यानं केलं असतं तर हसलो असतो." सूर्यकांतनी हात पुसले. "शब्द दिला तो दिला. बोलाव टेम्पो. गाडी गेली असं समज, आणि तिच्यासोबत तूही."

चार दिवसांत गाडी इंदूरला गेली. पुण्याला निघताना वेदांग पाया पडायला वाकला, तर सूर्यकांतनी पाय मागे घेतले. त्यानंतर तो आईशीच बोलायचा. नंदा फोन घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि हळू आवाजात बोलायची.

"तू होतीस म्हणून निभलं," सूर्यकांत एकदा चहा पिताना तिला म्हणाले. "नाहीतर भरवसा ठेवायचा कोणावर?"

नंदानं त्यांचा अर्धा भरलेला कप पुन्हा भरला.

दिवाळीला वेदांग आला नाही. भाऊबीजेच्या सकाळी नंदा ग्वारीघाटावर स्नानाला गेली होती आणि सूर्यकांतच्या कुडत्याचं बटण तुटलं. ती येईपर्यंत कशाला थांबायचं म्हणून त्यांनी शिलाई मशीनच्या खणातून तिचा बटणांचा डबा काढला आणि पांढरं बटण शोधायला टेबलावर उपडा केला.

बटणांबरोबर तेलकट कागदाची एक पुडी पडली. आत दोन नवेकोरे कंडेन्सर होते, आणि कात्रीनं कापलेले दोन लाल दोरे.