मधला दाणा

विमान वेळेवर उडालं तर वीरभद्रप्पांना जावई मिळणार होता. नाही उडालं तर तो हातचा जाणार होता. हा जमाखर्च त्यांनी सोलापूर विमानतळाच्या छोट्या हॉलमध्ये बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकवला होता. मुलाकडचे गोव्यात थांबलेत. दुपारनंतर थांबायचे नाहीत. आणि चंद्रिकेला याहून चांगलं स्थळ काही मिळायचं नाही.

बाहेर होटगी तलावावरून आलेलं धुकं धावपट्टीवर बसून होतं. गोव्याहून आलेलं विमान ते पसरायच्या आत उतरलं होतं. आता काचेतून त्याचं नुसतं शेपूट दिसत होतं.

वीरभद्रप्पा मार्केट यार्डातले ज्वारीचे अडते. वरचा दाणा बघून भाव करणाऱ्यांतले नव्हेत. पोत्यात लोखंडी नळी तीन ठिकाणी खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा, मगच बोलायचं. असा माणूस नुसता फोटो बघून पोरगी कशी देईल? म्हणून स्वतः निघालेत बिचारे, असं शेजारी बसलेल्या तानाबाईंच्या मनात आलं आणि त्यांना कौतुक वाटलं.

सामान म्हणाल तर एक कापडी पिशवी. काउंटरवरच्या रेश्माने विचारलंही होतं, "एवढंच, काका?"

"कडक भाकरी हाय, शेंगाचटणी हाय. मुलाला द्यायची. अजून काय लागतंय?"

कॅप्टन शरणबसव स्वतः हॉलमध्ये आला. तिशीच्या आतबाहेरचा, शांत चेहऱ्याचा. धुकं उठेपर्यंत निघता येणार नाही, एवढंच त्याने सांगितलं.

वीरभद्रप्पा उठले. त्याच्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि हात जोडले.

"कॅप्टनसाहेब, लेकीच्या लग्नाचा प्रश्न हाय. बापाची अडचण समजून घ्या की."

"समजतंय काका. पण नाही."

"उडायपुरतं तरी दिसतंय न्हवं?"

"कसंबसं उडेनही. पण उडाल्या उडाल्या एक इंजिन बंद पडलं तर परत इथंच यावं लागेल. उतरायला याहून कितीतरी जास्त दिसावं लागतं. वर जायचं आणि खाली यायची वाटच नाही, असं मी करत नाही."

वीरभद्रप्पा खिडकीशी गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"काय म्हणतो?" पलीकडून त्यांच्या बायकोने, पार्वतम्मांनी, विचारलं.

"न्हाय म्हणतो."

"अजून एकदा विचारून बघा."

थोड्या वेळाने कॅप्टन चहाला आला, तेव्हा वीरभद्रप्पा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या कंपनीतले वरचे साहेब आपल्या बसण्याउठण्यातले हाईत. फोन लावू काय? ते उडा म्हटले तर तुमच्यावर काय येणार न्हाय. उलट बढती."

"लावा की," कॅप्टन म्हणाला. "त्यांना म्हणावं, या आणि तुम्हीच चालवा."

तानाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. वीरभद्रप्पा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा "न्हाय म्हणतो" सांगितलं, आणि पार्वतम्मांनी पुन्हा तेच सांगितलं.

आता धुकं जरा विरळ झालं होतं. लोक उठून काचेशी गोळा झाले. कुणी म्हणालं, दिसतंय की आता. कॅप्टनही येऊन बाहेर बघू लागला. वीरभद्रप्पांचा आवाज चढला.

"ती पलीकडची पाण्याची टाकी मला दिसती, या वयात. तुमाला दिसत न्हाय?"

"मला नाही दिसत."

"मग धंदा बदला. आमचा शिवू टेंपो घेऊन धुक्यात घाट उतरतो, एका दिव्यावर. त्याला म्हणत्यात गडी. तुमी नुसता गणवेश घालून हिंडा."

दोघं-तिघं पाठीमागून "बरोबर हाय" म्हणाले. कॅप्टनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"टाकी मला दिसली की निघू," तो म्हणाला. "तुम्हाला दिसून उपयोग नाही, काका."

सूर्य वर आला तशी टाकी दिसली, तिच्यामागची झाडंही दिसली. सगळ्यांनी सुस्कारे सोडले आणि पिशव्या उचलल्या. रांग विमानाकडे निघाली. वीरभद्रप्पा मात्र खुर्चीतून हलले नाहीत.

"काका, चला," रेश्मा म्हणाली.

"मी न्हाय येत. माझं नाव काढा. आणि ही पिशवी तेवढी कॅप्टनला द्या."

"पण मुलाकडचे?"

"त्यांचं मी बघतो."

त्यांचं नाव उतरवण्यात अजून थोडा वेळ गेला आणि रांगेतले लोक आता त्यांच्यावरच चिडले. रेश्माने पिशवी पोहोचवून निरोप सांगितला, तेव्हा कॅप्टन सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा हसला.

"चटणी देऊन माफी मागतायत वाटतं. सुटलो बाबा. ज्याच्या वाट्याला हा सासरा येईल, त्याची कमाल आहे."

वीरभद्रप्पा बाहेर आपल्या स्कूटरपाशी आले तेव्हा ऊन स्वच्छ पडलं होतं. त्यांनी फोन लावला.

"तीन ठिकाणी टोचून बघितलं, पार्वती. रडून, लालूच दावून, चारचौघांत अब्रू काढून. तिन्ही वेळा दाणा एकच निघाला. आता रात्री तू बी निवांत झोप, मी बी झोपतो. चंद्रिकेला सांग, पोरगा पसंत हाय."

विमान डोक्यावरून गेलं. साऱ्या सकाळीत वीरभद्रप्पांचं एक तिकीट गेलं आणि इतरांचा थोडा वेळ गेला. बाकी सगळी किंमत शरणबसवच्या नावावर पडली होती, आणि तो वर आभाळात, सुटलो म्हणून, सासऱ्याची भाकरी मोडत होता.