फोटोतली बाई

तारा फुटला की त्यातून सुटणारे न्यूट्रिनो नावाचे कण अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात, आणि जाता जाता किंचित बदलतात. तो किंचित बदल पकडायला बाईंनी जमिनीखालच्या प्रयोगशाळेत यंत्र उभारलं आणि एखादा तारा फुटायची वाट बघण्यात उभी हयात घालवली.

आज एकदाचा फुटला. निरोप मिळताच बाई घरातल्या स्लिपरवरच धावत आल्या. फाटकावरच्या नव्या रखवालदाराने ओळखपत्र घेतलं. त्यावरच्या, बाईंच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि फाटक काही उघडलं नाही.

"अहो, मीच आहे ती. किंचित बदललेय, एवढंच."

 

"किंचित असतं तर मी ओळखलं नसतं का, मॅडम?"