सगुणाबाईंची कानतपासणी

"आवाज आला की बटण दाबायचं हं, आजी." डॉक्टरीणबाईंनी सगुणाबाईंच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बाहेर येऊन खोलीचं जाड दार लावून घेतलं.

त्याबरोबर आत अगदी सामसूम झाली. सगुणाबाईंच्या घराखालीच यंत्रमागांचा कारखाना. लग्न होऊन आल्यापासून ती खडखड कानांत बसलेली; जेवताना, झोपताना, बाळंतपणातसुद्धा. कामाच्या दिवशी, भर दुपारी स्वतःचा श्वास ऐकू येणं त्यांना नवीनच होतं. हेडफोनमध्ये बारीक टूं टूं वाजत होतं, पण बटण दाबत गेलं तर तपासणी झटपट संपणार आणि दार उघडणार. त्यांनी बटण मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

काचेतून पाहणाऱ्या सुनेचा चेहरा उतरला. "आईंना काहीच ऐकू येत नाही का हो?"

डॉक्टरीणबाईंना मात्र शंका आली. माइकचा आवाज पार बारीक करून त्या कुजबुजल्या, "आजी, चहा घेणार का?"

"घेते की," सगुणाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आत आणून दे. दार तेवढं उघडू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी कसंबसं हसू दाबलं आणि तोंड गंभीर करून त्या सुनेला म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत. पण तपासणी अर्धी राहिलीय. दर शुक्रवारी तासभर आणून बसवा."

माइक चालूच होता.

"शुक्रवारी नको गं," आतून आवाज आला. "शुक्रवारी माग बंदच असतात. मंगळवारी येते."