संमतीचा अंगठा

भूकंपाला अजून बावीस मिनिटं होती. भूकंपाची नेमकी वेळ आता आधीच कळायची; इशारा सकाळीच आल्यामुळे इस्पितळ जवळपास रिकामं झालं होतं. अतिदक्षता विभागात फक्त हरिभाऊ खैरमोडे उरले होते. कालच हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानं त्यांना हलवणं शक्य नव्हतं.

शबाना सिस्टरनं टॅबलेट त्यांच्यासमोर धरला. मागे राहायला पेशंटनं संमती दिली, की परिचारिकेनं निघायचं, असा कायदा होता. थांबली तर तिचा परवाना जायचा.

हरिभाऊंनी अंगठा उमटवला. "जा आता, पोरी. घरी लेकरं वाट बघत असतील."

"निघते, काका," शबाना म्हणाली आणि पायानंच खुर्ची जवळ ओढून बसली.

इमारत हादरली, काचा फुटल्या, वीज गेली. औषधाचा पंप बंद पडला, तेव्हा मदत येईपर्यंत तिनं थेंब मोजत औषध चालू ठेवलं. हरिभाऊ वाचले. तिचा परवाना मात्र रोखला गेला.

महिन्याभरानं चौकशी समितीनं विचारलं, "पेशंटची संमती असताना तुम्ही का थांबलात?"

"अंगठा त्यांनी उजव्या हाताचा दिला होता," शबाना म्हणाली. "डाव्या हातानं माझं बोट धरलं होतं. ते काही त्यांनी सोडलं नाही."